आधी एक फेरी बाहेरून

काकांच्या सोबतीनं मी जर्मनीतली बरीच गावं पाहिली, आणि त्या सगळ्या गावांच्या कचराकुंड्या मला अजून आठवतात. चर्च असो, किल्ला असो की साधा टाउन हॉल, काका समोरच्या दारातून थेट आत कधी शिरले नाहीत. आधी त्या वास्तूला उजव्या हाताला ठेवून तिच्याभोवती एक पूर्ण फेरी, मग आत. कोलोनच्या प्रचंड कॅथीड्रलसमोर सारं जग मान वर करून फोटो काढत होतं, तेव्हा आम्ही मागच्या बाजूला रेल्वेच्या रुळांजवळ उभे होतो आणि काका मला छपराचं पाणी कुठून उतरतं ते दाखवत होते.

"समोरून सगळेच नटून उभे असतात," ते म्हणायचे. "मागे जाऊन बघावं. पाणी कुठून जातं, कचरा कुठे ठेवतात, कुठली खिडकी कायम बंद असते. मग ठरवावं आत जायचं की नाही."

देवभोळे म्हणावं तर तेही नाही. घरातले देव काकूंचे. काकांचा देवाशी संबंध एवढाच की त्यांच्या आईनं म्हातारपणी नर्मदेची परिक्रमा पायी केली होती, आणि ती परत आल्यावर पुढे कित्येक महिने घरात दुसरा विषय नव्हता. नदी कायम उजव्या हाताला ठेवायची आणि तिचं पात्र ओलांडायचं नाही, ओलांडलं की परिक्रमा मोडली, हे काकांच्या डोक्यात तेव्हा जे बसलं ते बसलं. भक्ती आईबरोबर गेली, फेरी तेवढी मुलाकडे राहिली.

फ्रँकफर्टजवळच्या एश्बॉर्नला आम्ही एकाच कंपनीत होतो. काका टेस्टिंगचे मॅनेजर, मी त्यांच्या टीममध्ये नवी. ऑफिसातले जर्मन लोक त्यांना पहिल्या नावानं हाक मारायचे. मला ते जमेना, म्हणून मी काका म्हणायला लागले. शिवाय ते आणि काकू माझ्याच इमारतीत खालच्या मजल्यावर राहायचे, त्यामुळे रविवारचे पोहे त्यांच्याकडे ठरलेले.

त्या इमारतीत जागा मिळायच्या आधीची गोष्ट. मी घर शोधत होते. जर्मनीत घर बघायला जाणं, म्हणजे बेझिश्टिगुंग, ही मुलगी दाखवण्याच्या कार्यक्रमापेक्षा अवघड गोष्ट असते, फक्त इथे नटूनथटून आपण जायचं आणि नकार घरानं द्यायचा. माझ्याबरोबर काका आले. दारात उमेदवारांची रांग, घरमालकीणबाई प्रत्येकाशी हात मिळवताहेत, आणि काका गायब. बाईंनी मला नोकरीचं विचारलं, पगाराचं विचारलं, मी घरात वाद्य वाजवते का ते विचारलं. सगळं छान चाललं होतं. तेवढ्यात काका इमारतीच्या दुसऱ्या बाजूनं उगवले आणि बाईंना अतिशय सभ्य जर्मनमध्ये म्हणाले, "तुमच्या तळघराच्या भिंतीला ओल आहे." घर मला मिळालं नाही. ओल कुणाला मिळाली ते माहीत नाही.

ऑफिसात आग लागल्याची तालीम व्हायची. भोंगा वाजला की सगळ्यांनी खाली उतरून पार्किंगच्या कोपऱ्यात जमायचं. पहिल्याच वेळी डोकी मोजली तर एक कमी. सुरक्षेच्या बाई घाबऱ्याघुबऱ्या झाल्या. मग काका इमारतीला वळसा घालून सावकाश चालत आले. बाईंनी कडक आवाजात विचारलं, कुठे होतात? काका म्हणाले, "गेनाऊ, बरोबर विचारलंत, तेच सांगतो. आग कुठल्या बाजूला लागली आहे हे कुणीतरी बघायला नको का?" बाईंनी थोडा विचार केला आणि पुढच्या तालमीपासून काकांच्या अंगावर पिवळं जाकीट चढलं. फेरी मारायचा अधिकृत परवाना मिळालेला तो एश्बॉर्नमधला बहुधा एकटाच माणूस असावा.

काकू या सगळ्याला कंटाळल्या होत्या, पण कंटाळा त्यांनी मजेत मुरवला होता. "आमच्या लग्नात होमाभोवती फेरे चालू होते," त्या सांगायच्या. "भटजींनी धरून थांबवलं म्हणून थांबले हे. नाहीतर मी अजून शालू नेसून फिरतेच आहे."

काकांना गाइड चालत नसे. छत्री उंच धरून पुढे धावणारा माणूस दिसला की ते दुसऱ्या गल्लीत शिरत. पण प्रत्येक शहराचं आपलं आपण फिरायचं ॲप निघालं तसं त्यांना ते आवडायला लागलं. कानात यंत्र घालायचं आणि एक जर्मन बाई सांगेल तसं एकेक ठिकाण बघायचं. अडचण एवढीच की बाईंचा रस्ता बहुतेक वेळा काकांच्या उलट असायचा. मग काका शेवटच्या ठिकाणापासून सुरुवात करून पहिल्यावर संपवत, आणि कानातल्या बाई मात्र पहिल्यापासून बोलत राहत. त्या नदीचं वर्णन करत असताना काका तुरुंग बघत असायचे. मी एकदा म्हटलं, काका, क्रम उलटा लावता येतो त्यात. ते म्हणाले, "तिला तिच्या क्रमानं बोलू दे की. आपण आपल्या क्रमानं बघू. कुठेतरी मध्ये गाठ पडतेच."

गाठ न पडणारी एकच जागा होती, ती म्हणजे त्यांची लेक.

मुलगी जर्मनीतच वाढलेली. मराठी सगळं समजायचं, उत्तर मात्र जर्मनमध्ये. बापलेकींचं बोलणं वर्षानुवर्षं असं दोन भाषांत चालायचं आणि त्यात दोघांनाही काही वावगं वाटत नसे. शिकायला म्हणून ती स्पेनला गेली आणि सेगोव्हिया नावाच्या जुन्या गावात राहिली. तिथल्याच एका मुलाशी, शाळेत गणित शिकवणाऱ्या, तिनं तिथल्या नगरपालिकेत जाऊन लग्न केलं. आणि लग्न झाल्यावर घरी फोन केला. काकांनी सगळं ऐकून घेतलं, "बरं" म्हणाले आणि फोन काकूंच्या हातात दिला. त्यानंतर त्यांनी फोन कानाला लावला नाही. लेकीचा फोन आला की ते खाली उतरायचे आणि इमारतीभोवती फिरत राहायचे. वरच्या खिडकीतून मला दिसायचे. एकदा पावसात छत्री न घेता फिरत होते, तेव्हा मला फार वाईट वाटलं.

त्या विषयावर माझ्याशी ते एकदाच बोलले, एस-बानच्या, म्हणजे इथल्या लोकलच्या, फलाटावर. "तो स्पेनचा असो नाहीतर सांगलीचा, मला काय त्याचं? सांगून केलं असतं तर काय बिघडलं असतं?" गाडी आली आणि आम्ही चढलो. फ्रँकफर्ट येईपर्यंत ते खिडकीबाहेर बघत होते.

मग एका वसंतात लेकीनं आईला स्पष्ट सांगितलं. तुम्ही दोघं इकडे या. बाबा या वेळी आले नाहीत तर मी पुन्हा बोलावणार नाही. काकूंनी मला जिन्यात गाठून हे सांगितलं. बापाचा हट्ट त्यांना माहीत होता आणि लेक त्याच मातीची होती.

काकांनी होकार दिला तो त्यांच्या पद्धतीनं. रविवारी पोहे खाता खाता म्हणाले, "सेगोव्हियाला रोमन लोकांनी बांधलेला पाण्याचा पूल आहे. चुना नाही, सिमेंट नाही, नुसता दगडावर दगड. लांबच्या डोंगरातलं पाणी त्याच्यावरून गावात यायचं. बघण्यासारखा आहे." काकू बशीकडे बघत राहिल्या. काका पुढे म्हणाले, "शहर बघायला जाऊ. शहरात कुणी भेटलं तर भेटेल." आणि माझ्याकडे वळून, "तू पण चल, नकाशा बघायला." नकाशा हे निमित्त होतं. आपल्याला एकटीला काका आवरणार नाहीत म्हणून काकूंनीच मला सोबत घेतलं होतं, हे आम्हा तिघांनाही ठाऊक होतं.

माद्रिदहून गाडीनं सेगोव्हियाला उतरलो. लेक आणि जावई पुलाखाली वाट बघणार असं ठरलेलं. सगळे प्रवासी तिथूनच सुरुवात करतात, ॲपही तिथूनच सुरू होतं. काकांनी टॅक्सीवाल्याला मात्र सांगितलं, "प्लाझा मायोर." म्हणजे गावाच्या पार मधला चौक.

"अहो, ती पुलाखाली उभी आहे," काकू म्हणाल्या.

"पूल शेवटी," काका म्हणाले. "क्रमानं जाऊ."

चौकात उतरून काकांनी कानात यंत्र घातलं, दुसरं माझ्या कानात दिलं. बाई सुरू झाल्या: आता तुमच्यासमोर जगप्रसिद्ध जलसेतू आहे, मान वर करा. काकांनी मान वर करून कॅथीड्रलच्या पन्हाळी बघितल्या. मधाच्या रंगाचा दगड, वर असंख्य कळस, आणि खाली आम्ही तिघं त्याला उजव्या हाताला ठेवून मागच्या गल्लीतून चाललेले. काका एकेका खिडकीपाशी थांबत होते. एरवी ते इतके थांबत नसत. काकूंनी दोनदा फोन बघितला, मग माझ्याकडे बघितलं.

गावाच्या पश्चिम टोकाला कड्यावर अल्काझार उभा आहे, निमुळत्या छपरांचा राजवाडा. त्याच्या तिन्ही बाजूंना खोल दरी. फेरी मारायला जागाच नाही. मला वाटलं, सुटलो. काका कठड्यावरून वाकून बराच वेळ खाली बघत राहिले आणि म्हणाले, "खालून जाता येईल. नदीकाठानं रस्ता आहे. तसंच गावाच्या बाहेरून फिरत गेलं की पुलापाशी निघतो. अख्खं गाव उजव्या हाताला राहतं."

काकूंनी पर्स खांद्याला नीट अडकवली. "तुम्ही गावाला फेरी मारा, डोंगराला मारा, सगळ्या स्पेनला मारा. मी माझ्या लेकीकडे चालले." टॅक्सी थांबलेली होती तिकडे त्या निघाल्या. जाताना मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "यांना घेऊन ये गं. आणि नाहीच आले तर मला फोन कर. मी तिला काहीतरी सांगेन."

आम्ही दोघं खाली उतरलो. नदीकाठी उंच झाडं होती, कुरणात माणसं चादरी टाकून खात बसली होती आणि डोक्यावर तो राजवाडा मागच्या बाजूनं दिसत होता. काकांनी मला पाणी कुठून उतरतं ते दाखवलं नाही. कानातल्या बाई मात्र म्हणाल्या, उजवीकडे टोकदार दगडांनी मढवलेलं घर आहे, फोटोसाठी उत्तम जागा. उजवीकडे एक गाढव चरत होतं. मी हसले. काका हसले नाहीत, तेव्हा मी कानातलं काढून ठेवलं.

"काका, तुम्हाला यायचं नसेल तर तसं सांगा."

"यायचंय," ते म्हणाले. थोडं चालून पुन्हा म्हणाले, "काय बोलतात गं अशा वेळी? ती माझ्याशी जर्मन बोलणार, तो स्पॅनिश. मी काय बोलू? रागावू की नको?"

त्यांना असं अडखळताना मी कधी पाहिलं नव्हतं. मी त्यांना पाण्याची बाटली दिली.

चढ चढून, एका जुन्या चर्चच्या चौकातून आम्ही वर आलो आणि समोर पूल दिसला. मी फोटो पुष्कळ पाहिले होते, तरी दचकले. दोन मजली उंच कमानींची रांग रस्त्यावरून, घरांच्या छपरांवरून सरळ निघून गेलेली, आणि कमानींतून पलीकडचं आभाळ दिसत होतं. आम्ही अलीकडच्या बाजूला होतो. पलीकडे, कमानीच्या चौकटीत, काकू, लेक आणि तिच्या मागे एक उंच, किडकिडीत मुलगा उभा होता. लेकीनं हात वर केला. मधे फक्त कमान. शंभर माणसं आइस्क्रीम खात तिच्याखालून जात-येत होती.

काका उभे राहिले. मी म्हटलं, चला.

"ओलांडायचं नाही," ते म्हणाले.

"काका, हा पूल आहे."

"वरून पाणी जायचं ना? मग नदीच झाली. नदी ओलांडायची नाही. टोकाला जाऊन वळसा घालून पलीकडच्या बाजूनं येतो." आणि पूल उजव्या हाताला ठेवून ते चढाच्या दिशेनं चालायला लागलेसुद्धा. पलीकडे काकूंनी कपाळाला हात लावला. लेकीचा हात अजून वरच होता. तो हळूहळू खाली आला. मला त्या क्षणी काकांचा भयंकर राग आला. इतक्या लांब येऊन माणूस पाठ फिरवतो म्हणजे काय.

मी पिशवी घेऊन त्यांच्यामागे गेले. दोन-तीन कमानी गेल्या असतील, सहज उजवीकडे पाहिलं तर पलीकडून लेक चालत होती. आमच्याच दिशेनं, आमच्याच वेगानं. खांब आला की दिसेनाशी व्हायची, कमान आली की दिसायची. काकांनीही पाहिलं होतं, कारण त्यांची मान सारखी उजवीकडे वळत होती. पाच-सहा कमानी असं नुसतंच चाललं.

मग काका मोठ्यानं म्हणाले, "बूट नवे घातलेत का? टाच सोलेल."

खांब गेला. "काही होत नाही," ती म्हणाली. ती जर्मनमध्येच बोलत होती, मी इथे मराठीत लिहिते आहे.

पुढच्या कमानीत ती म्हणाली, "आई म्हणते तुम्ही माझा फोन आला की पावसात फिरता."

खांब. "तुझी आई वाढवून सांगते."

पुढे कमानी एकमजली झाल्या, बुटक्या होत गेल्या. रस्त्याचा आवाज कमी झाला आणि दोघांना ओरडावं लागेना. काका चालता चालताच म्हणाले, "फोन आधी करता आला असता."

"तुम्ही नाही म्हणाला असतात."

खांब आला. काका खांबाकडे बघूनच बोलले, पुढच्या कमानीची वाट बघितली नाही. "म्हणालोच असतो. आधी नाहीच म्हणालो असतो. मग खाली जाऊन एक फेरी मारली असती आणि वर येऊन हो म्हणालो असतो. मनू, तू मला फेरी मारायलासुद्धा वेळ दिला नाहीस."

पुढच्या कमानीत ती दिसली ती रडत होती, पण पाय थांबले नव्हते. काकांचेही थांबले नाहीत. कमानी कमरेएवढ्या झाल्या, मग संपल्याच, आणि नुसती दगडी भिंत उरली. आता पलीकडचं काही दिसेना. काकांचा वेग वाढला. "मनू," त्यांनी हाक मारली. "आहेस ना?" भिंतीपलीकडून आवाज नाही. ते जवळजवळ धावायला लागले. पुलाच्या टोकाला पाणी गाळायची एक दगडी खोली आहे. तिला वळसा घालून आम्ही पलीकडे आलो तर रस्ता रिकामा.

काकांचा चेहरा मला बघवेना. ते भिंतीला हात टेकून उभे राहिले.

मग खालच्या अंगाला, भिंतीच्या सावलीत, लेक बसलेली दिसली. एक बूट काढून हातात घेतलेला. टाच सोलली होती.

काका तिच्यासमोर जमिनीवर बसले. कमरेच्या पाउचमधून त्यांनी पट्टी काढली, कारण काकांच्या पाउचमध्ये पट्टी, सुतळी आणि लवंग कायम असत. तिचं पाऊल मांडीवर घेऊन त्यांनी पट्टी लावली, कडा अंगठ्यानं नीट दाबल्या. ती त्यांच्या टकलावर हात ठेवून बसली. मी जरा पुढे जाऊन डोंगर बघत उभी राहिले.

परत येताना पूल उजव्या हाताला आणि लेक डाव्या हाताला, तिचा बूट काकांच्या हातात. ती लंगडत होती, तेही तिच्या चालीनं चालत होते. चौकात काकू आणि जावई जिथे होते तिथेच उभे होते. मुलगा पांढराफटक पडला होता. लेकीनं त्याला बापाबद्दल काय काय सांगून ठेवलं होतं कोण जाणे. तो एक पाऊल पुढे आला आणि त्यानं हात पुढे केला.

काकांनी हात धरला नाही. त्यांनी त्याला उजव्या हाताला ठेवलं आणि त्याच्याभोवती चालायला सुरुवात केली. सावकाश, पाठीमागे हात बांधून, अख्ख्या बाजारगर्दीत. मुलगा ताठ उभा. लेकीनं त्याला स्पॅनिशमध्ये हळूच काहीतरी सांगितलं, बहुधा हलू नकोस असं. काका त्याच्या पाठीशी थांबले. कॉलर आत दुमडली गेली होती ती त्यांनी बाहेर काढून सरळ केली आणि फेरी पुरी करून समोर आले. "मागूनही बरा आहे," ते म्हणाले.

लेकीनं ते त्याला सांगितलं असेल-नसेल. त्याला वाटलं असावं, यांच्याकडे भेटायची रीतच अशी आहे. त्यानंही हात पाठीमागे बांधले आणि गंभीर चेहऱ्यानं काकांभोवती चालायला लागला. पण गडी काकांना डाव्या हाताला ठेवून निघाला, साफ उलटा. लेकीनं तोंडावर हात घेतला. मी काकांकडे पाहिलं. जन्मात त्यांनी कुणाला तसं फिरू दिलं नव्हतं.

काकूंनी डोळे पुसता पुसता त्यांच्या कोपराला धरलं. "अहो, उलटा निघालाय तो."

काका ताठ उभे होते, हातात लेकीचा बूट. "फिरू दे त्याला," ते म्हणाले.